काडतूस निवडायचं कोणी?

कळमनुरीहून हिंगोलीकडे निघालं की वीसेक किलोमीटरांत शहर लागतं आणि शहरात रिसाला बाजार. रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे गेले, स्वार गेले, त्यांना पोसणारं निजामाचं राज्यही गेलं; पत्त्यातलं नाव तेवढं मागे राहिलं. १९०३ पर्यंत हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज, असा तो कारभार. या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. कळमनुरी तालुक्याच्या कडेनं वाहणारी पैनगंगा दोन राजवटींची वेस झाली ती अशी, पलटणींचा पगार आणि दारूगोळा यांच्या उधारीपायी.

छावणी आली की तिच्यामागोमाग चांदमारी येई. चांद म्हणजे गोल निशाण, ते मारायचं मैदान म्हणजे चांदमारी. देशभरात कितीतरी जुन्या छावण्यांच्या गावांत या नावाची वस्ती किंवा माळ अजून सापडतो. रायफल रेंज हा शब्द रुळला तसा चांदमारी मागे पडला. पण लांबवरच्या निशाणावर नेम धरण्याचा खेळ आपल्याकडे आला तो याच मैदानातून, पलटणीच्या कवायतीचा भाग म्हणून.

आज हजार यार्डांवरच्या निशाणाची स्पर्धा खेळायला निघालेल्या नेमबाजाला जगात कुठेही पहिला प्रश्न पडतो तो काडतुसाचा. रायफल त्यानंतर. गोळी किती वजनाची, किती लांबट, कोणत्या वेगानं निघणारी, वाऱ्याला किती दबणारी, नळी किती बारांत झिजवणारी, याचे तक्ते मांडून माणसं महिनोन्‌महिने काथ्याकूट करतात. मराठी मुलखातही या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फरक एवढाच, की इथं उत्तर क्वचितच नेमबाजानं दिलं. बंदूक कोणाच्या हातात जाणार आहे आणि त्या हातावर सरकारचा किती भरवसा आहे, यावर बहुतेक वेळा काडतूस ठरलं.

सुरुवात कळमनुरीच्या शेजारातूनच करता येते. १८१९ च्या जानेवारीत हदगाव परिसरातल्या नोव्हाच्या गढीला निजामाच्या फौजेनं वेढा घातला. आत हटकर सरदार नोवसाजी नाईक यांची माणसं आणि त्यांच्या चाकरीतले अरब शिपाई. बाहेर रसेल ब्रिगेडच्या कवायती पलटणी. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं उभ्या केलेल्या. गढी महिनाअखेर पडली. ‘नोवाह’ हा युद्धसन्मान या पलटणींना मिळाला, पुढं त्यांचीच एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. हिमालयाच्या पायथ्याची म्हणून ओळखली जाणारी पलटण पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गढीचं नाव सन्मानयादीत बाळगून आहे.

त्या वेढ्यात काडतुसाच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. दख्खनमधल्या अरबांकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका असत. शिंगातली दारू मापानं ओतायची, शिशाची गोळी ठासायची, मग जळता तोडा बंदुकीच्या कानापाशी टेकवायचा. गोळी ज्याची त्यानं साच्यात ओतलेली, दारूचं माप ज्याच्या त्याच्या हाताला बसलेलं. एका अर्थी त्या शिपायाइतकं स्वातंत्र्य नंतर कोणालाच मिळालं नाही: आपल्या नळीला काय मानवतं ते तो स्वतः ठरवायचा. समोरच्या कवायती शिपायाकडे कागदाची पुडी होती. गोळी आणि मोजलेली दारू एकत्र बांधलेली. पुडी दातानं फोडायची, दारू ओतायची, गोळी ठासायची. वेग वाढला, नेम मात्र बेताचाच राहिला. गुळगुळीत नळीतून सुटणारी सैलसर गोळी शंभर पावलांपलीकडे कुठं जाईल हे ती सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे.

या पुडीलाच मराठीनं काडतूस म्हटलं. शब्द पोर्तुगीज ‘कार्तुश’चा, पिस्तुलासारखाच समुद्रावरून आलेला. पुढं कागद जाऊन पितळ आलं, पुडीची पुंगळी झाली, पण शब्द टिकला.

१८५७ मध्ये याच पुडीनं देश हलवला. एन्फिल्ड रायफलच्या नव्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे ही बातमी डमडमच्या शस्त्रागारातून निघाली आणि छावण्याछावण्यांत पसरली. त्या हकिगतीचा धार्मिक भाग शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. तांत्रिक भाग सहसा कोणी सांगत नाही. चरबी लागत होती कारण एन्फिल्डच्या नळीत वळणदार आटे होते. गोळी त्या आट्यांत घट्ट बसली तरच ती गरगर फिरत, सरळ जाई. घट्ट बसायची तर ठासताना वंगण हवं. म्हणजे ज्या गुणामुळे ती रायफल आठ-नऊशे यार्डांपर्यंत मारा करू शकत होती, त्याच गुणानं ते वंगण मागितलं होतं. लांब पल्ल्याची नेमबाजी हिंदुस्थानात आली ती या पेचासकट.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. हिंदी शिपायांना एन्फिल्डसारखीच दिसणारी बंदूक दिली गेली, पण नळी आतून गुळगुळीत. दिसायला रायफल, आतून बिनआट्याची. पुढं पन्नासेक वर्षं तोच शिरस्ता चालला: गोऱ्या पलटणीला नवं शस्त्र, हिंदी पलटणीला त्याआधीचं. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. गोऱ्यांना ली-मेटफोर्ड आली तेव्हा मार्टिनी इकडे सरकली. काडतुसाच्या प्रगतीची एक पिढी हे साम्राज्याच्या भरवशाचं माप होतं.

या कथेत आता कोल्हापूर येतं, आणि येतं ते थेट लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर.

टेनिसच्या आधी विम्बल्डनची ख्याती रायफलींसाठी होती. १८६० मध्ये ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा तिथं भरला. उद्‌घाटनाचा बार खुद्द राणी व्हिक्टोरियानं उडवला. व्हिटवर्थ रायफल आधीच घट्ट बसवून, नेम लावून ठेवली होती, राणीनं रेशमी दोरी ओढायची तेवढी बाकी होती. चारशे यार्डांवरच्या निशाणाच्या मध्यापासून गोळी जेमतेम सव्वा इंच हुकली. खेळाची नांदी अशी झाली आणि तिथं दरवर्षी साम्राज्यभरचे नेमबाज जमू लागले.

१८७० मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला निघाले. वय वीस. समुद्र ओलांडणारे ते पहिल्या काही हिंदी राजांपैकी एक. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यानं पुढं प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं अग्निसंस्कार झाला. तिथल्या छत्रीखालचा त्यांचा अर्धपुतळा आजही उभा आहे आणि शेजारच्या पुलाला इटालियन लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. ही हकिगत कोल्हापुरात बऱ्याच जणांना ठाऊक असते. तिच्याशेजारची दुसरी फारशी कोणी सांगत नाही: १८७१ पासून विम्बल्डनच्या मेळाव्यात ब्रिटन आणि वसाहतींच्या संघांसाठी कोल्हापूरच्या राजांनी दिलेला चषक खेळला जाऊ लागला. इंग्रजांनी गावाचं नाव आपल्या जिभेला जमेल तसं लिहिलं, ‘कोलापोर’. कॅनडाचे संघ हा चषक जिंकायला अटलांटिक ओलांडून येत. १८९० मध्ये मेळावा विम्बल्डनहून सरे परगण्यातल्या बिस्लीला हलला, साम्राज्य आटोपलं, पण कोलापोर चषक चालूच राहिला. आठ-आठ जणांचे संघ, अंतरं ३००, ५०० आणि ६०० यार्ड.

एवढ्या वर्षांत या एका चषकासमोरून लष्करी काडतुसांची आख्खी वंशावळ गेली.

चषक सुरू झाला तेव्हा स्नायडरचा जमाना सरत आला होता. जुन्या एन्फिल्डचीच मागची बाजू कापून तिथं दार बसवलेली ही रायफल; तिच्यासाठी कर्नल बॉक्सर यानं पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी तयार केली. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. कागदी पुडी बांधण्याचं काम पंगतीच्या पत्रावळी लावण्यासारखं हातचं होतं. धातूच्या पुंगळीला यंत्र लागे, आणि यंत्र म्हटलं की कारखाना आला. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर उमटणारी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं पुढं दोन महायुद्धांत जगभर पोचली. जुनी काडतुसं जमवणारे ती अक्षरं पाहून लगेच ‘किर्की’ म्हणतात.

१८७१ मध्ये ब्रिटिश फौजेनं मार्टिनी-हेन्री स्वीकारली. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. वेग सेकंदाला चारशे मीटरांच्या आसपास. काळ्या दारूचा धूर एवढा, की वारा पडलेला असेल तर पहिल्या बारानंतर निशाण दिसायचं ते धूर सरला की. खांद्याला दणका असा, की दिवसभर स्पर्धा खेळलेल्या माणसाचा दंड काळानिळा पडायचा. तरीही जड गोळी लांबवर बऱ्यापैकी सरळ जाई, म्हणून नेमबाज तिला धरून राहिले. मोठं वजन, मंद वेग, उंच कमान: हजार यार्डांवर मारायचं तर गोळी जणू लगोरीच्या चेंडूसारखी वर भिरकावायची आणि ती योग्य जागी उतरेल असा हिशेब करायचा.

मग १८८८ मध्ये .३०३ आली आणि हा हिशेबच बदलला. पहिल्यांदा काळ्या दारूवर, थोड्याच वर्षांत कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर. गोळी निम्म्याहून हलकी, वेग सेकंदाला सहाशे मीटरांवर. १९१० च्या सातव्या आवृत्तीत गोळीचं बोथट नाक जाऊन टोक आलं, वजन १७४ ग्रेनवर उतरलं आणि वेग ७४४ मीटर झाला. टोकदार गोळी हवा कापते, बोथट गोळी हवा ढकलते; लांब पल्ल्याच्या काडतुसाबद्दल नंतर जे जे लिहिलं गेलं त्याचं मूळ या एवढ्याशा फरकात आहे. मधल्या काळात डमडमच्या कारखान्यानं नाक उघडी ठेवलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी काढली आणि १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी आली. नेमबाजीच्या मैदानावर त्या गोळीला काहीच काम नव्हतं, पण कोलकात्याच्या उपनगराचं नाव जगाच्या शब्दकोशांत गेलं ते कायमचं.

मराठी कानाला .३०३ म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’. पोलिसाच्या खांद्यावर, बँकेच्या दारात, एनसीसीच्या कँपात हेच नाव ऐकून दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण साध्या नागरिकानं ती विकत घेऊन स्पर्धा खेळावी, हे मात्र कधी व्हायचं नव्हतं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची अट घातलीच होती; त्यापुढचं पाऊल काडतुसावर होतं. लष्कराच्या रायफलीत चालेल अशी गोळी बाजारात मिळू नये, म्हणजे चोरलेल्या सरकारी रायफलीला चारा मिळणार नाही, असा साधा तर्क. १९०७ मध्ये .४५० व्यासाच्या रायफलींवर हिंदुस्थानात आणि सुदानात बंदी आली, कारण मार्टिनीची गोळी त्याच व्यासाची. वाघ-हत्तींच्या शिकारीला .४५० च वापरणारे साहेब आणि संस्थानिक अडचणीत आले. लंडनच्या बंदूकवाल्यांनी चटकन .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी बंदीच्या व्यासाला वळसा घालणारी काडतुसं काढली. आफ्रिकेतल्या शिकारीच्या पुस्तकांत मोठ्या दिमाखात वावरणारं .४७० हे काडतूस मुळात हिंदुस्थानच्या एका सरकारी हुकमाचं अपत्य आहे, हे त्या पुस्तकांच्या वाचकांना सहसा ठाऊक नसतं.

सर्वसामान्य परवानाधारकासाठी अशीच पळवाट निघाली ती .३१५ ची. मूळ ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस; .३०३ च्या रायफलीत ते बसत नाही, बस्स, एवढीच त्याची लायकी. जड, गोल नाकाची, सावकाश चालणारी गोळी. शेतातलं रानडुक्कर पळवायला किंवा घराच्या राखणीला ठीक, पण सहाशे यार्डांवरच्या चांदमारीसाठी कोणी शहाणा माणूस स्वतःहून ती निवडणार नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल आणि काडतूस बनवणं चालूच ठेवलं, आणि आजही ग्रामीण परवान्यांवर ‘रायफल’ म्हटलं की बहुधा हीच निघते.

पोलिसांची .४१० ची मस्केट हे तर या धोरणाचं सर्वांत विचित्र बाळ. .३०३ चीच रायफल, पण नळी गुळगुळीत; .३०३ चीच पुंगळी, पण तोंडाशी न आवळता सरळ ठेवलेली. १८५७ नंतरच्या त्या बिनआट्याच्या एन्फिल्डची ही नातच. बंदूक द्यायची, पण लांबचा नेम साधेल इतकी चांगली द्यायची नाही.

कळमनुरी या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतीच. निजामाच्या परभणी जिल्ह्यातला हा तालुका. इथले कायदे हैदराबादचे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धामधुमीत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी निजामाच्या सरहद्दीबाहेर ठाणी मांडली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडातलं उमरखेड हे त्यांपैकी एक. हाताला लागेल ती बंदूक घ्यायची आणि तिच्यात बसेल ते काडतूस शोधत फिरायचं, असा तो काळ. निवड वगैरे चैन परवडणारी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली आणि पुढं देशाचा कायदा तोच कळमनुरीचा कायदा झाला.

तो कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ ची नियमावली; २०१६ पासून तिच्या जागी नवी आली. इंग्रज गेले, त्यांची शंका मात्र कलमाकलमांतून वस्तीला राहिली. निषिद्ध शस्त्रांच्या यादीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली आहेत. शिवाय ज्या रायफलीत या दोहोंपैकी कुठलंही लष्करी काडतूस बसून उडू शकेल, अशी कोणत्याही नावाची रायफल आहे. .४१० ची मस्केटसुद्धा आहे. ही भाषा १९०७ च्या हुकमाशेजारी ठेवून वाचली तर फक्त आकडे बदललेले दिसतात. कळमनुरीतल्या एखाद्या शेतकऱ्यानं रीतसर परवाना काढला, तर त्याला मिळण्यासारखं काय? बारा बोअरची बंदूक, .२२, .३१५, आणि अलीकडच्या काळात सरकारी कारखान्यानं आणलेली .३०-०६. बारा बोअरसाठी खडकीची ‘शक्तिमान’ काडतुसं. परवान्यावर काडतुसांची वार्षिक संख्याही लिहिलेली असते. सरावासाठी आठवड्याला शंभर-दोनशे बार झाडणाऱ्या नेमबाजाचं त्या आकड्यात काय भागणार?

या चौकटीत नेमबाजीचा खेळ उभा करण्याचं काम एका मराठी घरातल्या माणसानं अंगावर घेतलं, हा योगायोगही नमूद करायला हवा. गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. घराणं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावानं भरते. नव्या नेमबाजांच्या तोंडी ‘मावळंकर खेळलो’ हे वाक्य सहज येतं. त्यातल्या किती जणांना हे सभापती आठवत असतील, कोण जाणे.

बिस्लीला मात्र काडतूस पुढं सरकत होतं. १९५४ मध्ये नाटोनं ७.६२ × ५१ हे काडतूस स्वीकारलं. साठच्या दशकाअखेरीस बिस्लीनं .३०३ ला निरोप देऊन तेच उचललं. बाजारातलं त्याचं भावंड म्हणजे .३०८ विंचेस्टर. भारतीय लष्करानंही ७.६२ घेतली; १९६२ च्या चीन युद्धानंतर दारूगोळ्याची निकड पटली आणि १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला. खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यात. म्हणजे जगातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांनी निवडलेल्या काडतुसाचं लष्करी रूप महाराष्ट्रात बनतं. पण ते साध्या परवान्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला घरी ठेवता येत नाही. दर जुलैत बिस्लीच्या माळावर कोल्हापूरचं नाव घेऊन जी स्पर्धा खेळली जाते, तिचं नेहमीचं काडतूस कोल्हापूरच्या नागरिकाला निषिद्ध आहे.

या काडतुसात असं काय आहे, हे थोडं उलगडायला हवं. १५५ ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगानं निघते. हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, कापायला तिला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली नऊ-दहा मीटर उतरते. तीन मजली इमारतीची उंची समजा. ही उतरण पक्की असते, मोजून दुर्बिणीवर लावता येते. खरा वैरी वारा. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे कळमनुरीत उन्हाळ्याच्या दुपारी धुरळा उडवणारा साधा झोत, या गोळीला दोन मीटरांहून जास्त बाजूला नेतो. बिस्लीच्या हजार यार्डांच्या निशाणावरचा काळा ‘बुल’ जेमतेम दोन फूट रुंद. मधेच गोळीचा वेग आवाजाच्या वेगाखाली घसरला तर ती डगमगते, म्हणून निशाणापर्यंत तिनं सेकंदाला ३४० मीटरांच्या वर राहायला हवं. स्पर्धकाची सारी धडपड या दोन गोष्टींसाठी: वाऱ्याला दाद न देणारी आणि शेवटपर्यंत दम टिकवणारी गोळी.

म्हणून गेल्या काही दशकांत कल बारीक, लांबट गोळ्यांकडे गेला. साडेसहा मिलिमीटर व्यासाची १४० ग्रेनची गोळी वाऱ्यात .३०८ पेक्षा स्पष्टपणे कमी सरकते आणि खांद्यालाही कमी झोंबते. अमेरिकेच्या हॉर्नडी कंपनीनं २००७ मध्ये काढलेलं ६.५ क्रीडमोर यामुळेच झपाट्यानं पसरलं. ते नाव १८७३ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कजवळच्या जुन्या चांदमारीचं. तीनशे मीटरला नॉर्माच्या सहा मिलिमीटर बीआर काडतुसाचा बोलबाला. कॅनडाच्या फार्कहारसन या वयस्क नेमबाजानं टेकण आणि दुर्बीण वापरून झोपून मारण्याची शाखा काढली; त्याच्याच आद्याक्षरावरून ती एफ-क्लास. तिथं तर बहुतेक स्पर्धक पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी वेगवेगळी आणून, दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलून काडतूस घरी भरतात. नोव्हाच्या गढीतला तो अरब शिपाई आपल्या शिंगातून जे करत होता, त्याच कामाचा हा शास्त्रशुद्ध अवतार. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, त्यामुळे ही वाटही बंद.

तीनशे मीटरची रायफल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेली. जागतिक स्पर्धेत ती अजून आहे, पण भारतात मोठ्या बोअरचा हा खेळ प्रामुख्यानं लष्कर आणि सुरक्षा दलांच्या नेमबाजांपाशी राहिला. त्यांच्याकडे रायफल सरकारी, काडतूसही सरकारी. इतरांसाठी उरलं ते .२२, पन्नास मीटरचं. आणि इथंच मराठी नेमबाजांना प्रथमच खऱ्या अर्थानं काडतूस निवडायला मिळालं.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन, म्हणजे झोपून मारण्याच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावलं. नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकच्या तीन पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला हा मुलगा. त्याच्या सरावाच्या काळात वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या पदकानंतर छापून आल्या. ते कर्ज कशासाठी लागतं, हे .२२ ची एक पेटी हातात घेतल्यावर कळतं.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं, अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीचं. गोळी ४० ग्रेनची, अडीच ग्रॅमच्या आसपास. पन्नास मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. स्पर्धेचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेलं असतं, म्हणजे वाटेत ध्वनीची भिंत ओलांडण्याचा धक्काच नको. बर्मिंगहॅमची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस, अशी मोजकी नावं. पण नेमबाज या नावांपाशी थांबत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच छापाच्या काडतुसांतही प्रत्येक लॉट वेगळा असतो. त्या दिवशीची दारू, मेण, पुंगळीच्या कडेतलं रसायन यांत केसाएवढा फरक पडतो. आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. एका रायफलीला जो लॉट लाडका, तो शेजारच्या रायफलीतून विस्कटतो. का, ते जाणकारही नेमकं सांगू शकत नाहीत.

म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन युरोपातल्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत जातात. रायफलीची नळी शिकंज्यात घट्ट आवळली जाते, माणसाचा खांदा आणि श्वास मधून वजा. मग लॉटमागून लॉट, दहा-दहा गोळ्यांचे पुंजके पन्नास मीटरवर. पडद्यावर प्रत्येक पुंजक्याची रुंदी उमटते. दिवसाअखेर एक लॉट ठरतो आणि त्याचा जेवढा साठा परवडेल तेवढा तिथल्या तिथं राखून ठेवायचा, कारण तो संपला की पुन्हा तसा निघेलच याची खात्री नाही. मग आयातीची कागदपत्रं, असोसिएशनचं पत्र, कोट्याचा हिशेब, विमानतळावरची तपासणी. २०१९ च्या दुरुस्तीनं सर्वसामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंसाठी वेगळी सवलत ठेवली, तिच्या आधारावर हे सगळं चालतं.

पेटीच्या बाजूला लॉटचा क्रमांक छापलेला असतो. बाकी पेट्या आपसांत उसन्या दिल्या-घेतल्या जातात, पण त्या क्रमांकाची पेटी नेमबाज दुसऱ्याच्या हाती लागू देत नाही. स्पर्धेला जाताना ती वेगळ्या कप्प्यात, मऊ कापडात गुंडाळून ठेवतो.